आधीं रुग्णशय्या, मग विश्वविद्यालय

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैद्राबाद संस्थानांत होता, तेथील वैद्यकशाळेंत १८८५ सालीं पांच स्त्रिया दाखल झाल्या. रूपाबाई फर्दुनजी त्यांपैकींच एक. शाळेची ‘हकीम’ ही पदवी घेऊन त्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्मची भूल देऊं लागल्या. शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचा दंडक एकच होता : भूल देतांना नाडी पाहूं नये, श्वास पाहावा. हैद्राबादेंत भरलेल्या १८८८ व १८८९ च्या क्लोरोफॉर्म आयोगांनीं त्यास दुजोरा दिला. रोग्याचे प्राण याच दंडकाच्या भरंवशावर असत.

सुमारें वीस वर्षांच्या या अनुभवानंतर, १९०९ सालीं, रूपाबाई एडिंबरोस गेल्या व तेथील विश्वविद्यालयांत त्यांनीं पदार्थविज्ञान व रसायन यांचा अभ्यास केला. भुलेच्या वायूंचें शास्त्र त्याच विषयांत होतें. पुढें १९११ सालीं लेव्ही यांच्या प्रयोगांनीं दाखविलें कीं, क्लोरोफॉर्मनें हृदयच एकाएकीं बंद पडूं शकतें. केवळ श्वासावर नजर ठेवून भागत नाहीं.

२०२३ सालीं परभणींत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेथें प्रवेश इच्छिणाऱ्यानें आधीं रुग्णसेवा अवश्य करावी. मात्र तेथें शिकलेला दंडक शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्याची तयारीही ठेवावी; रूपाबाईंच्या चरित्राचें मोल त्यांतच आहे.