केडगावला उतरलेल्या मुली

मुलींच्या एका वसतिगृहात मी अकरा वर्षे गृहमाता होते. दर जूनमध्ये नव्या मुली यायच्या. पत्र्याची ट्रंक, वळकटी, सोबत मामा नाहीतर काका. तो निघाला, की फाटकापाशी रडारड. माझ्या आधीच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘नव्या मुलीला आल्या आल्या नियम वाचून दाखवू नका. आधी जेवायला वाढा.’ आम्ही वाढायचो. तरीही एखादी मुलगी चपाती हळूच ओच्यात लपवायची आणि रात्री उशाखाली ठेवायची. उद्या मिळेल याची तिला खात्री नसायची.

पुढे पंडिता रमाबाईंचे लेखन वाचताना या मुली मला पुन्हा भेटल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे किड्यामुंगीसारखी मरत होती. रमाबाईंचे ‘शारदा सदन’ तेव्हा पुण्यात होते. तिथल्या मुलींचाच खर्च भागवताना ओढाताण होत असताना त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. सरकारी छावण्यांत अनाथ मुली आणि तरुण विधवा कोणाच्या हाती पडताहेत, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी तीनशे मुली आणायचे ठरवले आणि आणल्याही.

असे धाडस बाईंनी का केले, याचे उत्तर त्यांच्या तरुणपणात आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. आई शेवटच्या दुखण्यात असताना रमाबाई एका ब्राह्मण घरी भाकरी मागायला गेल्या. शास्त्र्याची मुलगी, संस्कृत श्लोक हजारोंनी पाठ, पण भाकरीचा तुकडा मागताना शब्द फुटेना. त्या बाईने दिला. शरमेने आभारही न मानता रमाबाई पळत आईकडे आल्या, तर आईला घास गिळण्याची ताकद उरली नव्हती. पुढे भाऊ श्रीनिवासाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला दोघांनी वाळूत खड्डे केले, त्यात उतरून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. अशा बाईला छावणीतल्या मुलीची भूक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मुली आणल्या, पण ठेवायच्या कुठे? पुण्यात प्लेग. शहरात नव्या माणसांची गर्दी करायला अधिकाऱ्यांची मनाई. सुदैवाने दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनजवळ रमाबाईंनी शंभरेक एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले होते. ती मुदत संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, हा हिशेब. त्या माळावर आता तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. ‘मुक्ती’ची सुरुवात ही अशी.

आलेल्या मुली हाडांचे सापळे, अंगभर फोड. अन्न समोर आले तरी धीर धरवत नव्हता, आणि इतक्या दिवसांच्या उपासानंतर पोटाला ते पेलत नव्हते. पण रमाबाईंनी लिहून ठेवलेली एक गोष्ट मला या सगळ्याहून हलवून गेली. या मुलींना वाटे, आपल्याला पोटभर खायला घालतात ते लठ्ठ करण्यासाठी. मग एके दिवशी उलटे टांगतील, खाली जाळ करतील आणि आपल्या अंगाचे तेल काढून औषधाला विकतील. कोणाला वाटे, घाण्यात घालून हाडे दळतील. स्वार्थाशिवाय कोणी आपल्याला जेवू घालील, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. मग विश्वास बसावा कसा?

इथे भाषणे उपयोगी पडली नसती. उपयोगी पडल्या त्या आधी आलेल्या मुली. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या बालविधवा इथे शिक्षिका झाल्या, गृहमाता झाल्या. त्यांनाही कधीतरी कोणी घराबाहेर काढले होते, अपशकुनी म्हटले होते. नोकरवर्ग असा घरातूनच उभा राहत गेला. बाहेरूनही माणसे आली. मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाई १८९८ मध्ये आल्या आणि त्याच वर्षी रमाबाई अमेरिकेला गेल्यामुळे कारभार बघायला लागल्या. नव्या नोकरीत रुळायला आम्हाला सहा महिने लागतात. त्यांना तेवढी सवड मिळाली नसणार.

१८९९-१९०० चा गुजरातचा दुष्काळ तिकडे ‘छप्पनियो’ म्हणून ओळखतात, संवत १९५६ चा म्हणून. तेव्हा पुन्हा मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. मध्य प्रांतातून तीन-चार वर्षांपूर्वी आलेल्या मुली तोवर जुन्या झाल्या होत्या. स्वयंपाक, शेती, विणकाम, छापखाना अशी कामे वाटली गेली. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि त्यांनी ते या मुलींना शिकवले.

आता अवघड भागाकडे येते, तो टाळणे बरे नव्हे. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघाले तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन होते. तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई आपला धर्म न सोडताच बाहेर पडल्या आणि ११ मार्च १८९३ ला धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. (तारीख तीच, हा योगायोगच.) पण त्याच वर्षी मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गहजब झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. ‘मुक्ती’ तर पहिल्यापासून उघडपणे ख्रिस्ती होती. भुकेल्या, अनाथ पोरीने तिथला धर्म स्वीकारला तर त्यात तिची निवड किती? हा प्रश्न तेव्हा टीकाकारांनी विचारला. तो गैर होता असे मला वाटत नाही. मात्र विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या छावण्यांची वाट धरली होती, हेही तितकेच खरे. आणि ज्या रमाबाईंना ‘सरकारधार्जिण्या’ म्हटले गेले, त्यांनीच १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही असे वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिले. त्यांच्या सदनातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेल्यावर परत आलीच नव्हती.

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. आधीच्या भाषांतरातली मराठी त्यांच्या मुलींना कळत नव्हती, एवढे साधे कारण. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, त्यांच्याच छापखान्यातून. खिळे जुळवायला मुलीच होत्या.

आमच्या वसतिगृहात आम्ही उशाखालच्या चपातीबद्दल कधी कोणाला बोललो नाही. मुंग्या व्हायच्या, सकाळी चादर झटकायची. दिवाळीपर्यंत बहुतेकींची ती सवय जायची. एकीची मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत गेली नाही.

(रेडिओवरील भाषण, संपादित)