तुलनात्मक जनुकस्थाननिश्चिती : मूषक व मानव

समान पूर्वजापासून आलेली जनुके उंदराच्या व मानवाच्या कोणत्या गुणसूत्रावर, कोणत्या शेजारासह वसली आहेत, याचा निर्णय करणारे आनुवंशिकीचे अंग. उंदरात गुणसूत्रांच्या 20 जोड्या, मानवात 23. उभयतांच्या वंशरेषा विभक्त होऊन सुमारे साडेसात कोटी वर्षे लोटली आणि मध्यंतरी गुणसूत्रे तुटून निराळ्या रीतीने जुळली, तथापि मालगुजारीची वाटणी होऊन गावे भिन्न परगण्यांत गेली तरी एकेका गावाची शीव अभंग राहावी, त्याप्रमाणे जनुकांचे कित्येक समूह आपला क्रम राखून आहेत. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूषक-जनुकसंचाच्या मसुद्यात असे 342 खंड नोंदलेले आहेत.

पुढे 1957 मध्ये भारतात येऊन येथेच देह ठेवणारे आनुवंशिकीविज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1915 मध्ये, सहकाऱ्यांसह, उंदरांतील वर्णहीनता व गुलाबी डोळे ही लक्षणे सहलग्न (एकत्र वारशाने जाणारी) असल्याचे दाखविले. ही दोन्ही जनुके मूषकाच्या 7 व्या गुणसूत्रावर आहेत. मानवात पहिले 11 व्या, तर दुसरे 15 व्या गुणसूत्रावर आढळते.

नागपूरकरांस या विद्येचे अगत्य वाटावे ते सिकलसेल या रक्तविकृतीमुळे. मध्य हिंदुस्थानातील या विकृतीची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली, विदर्भातील अनेक कुटुंबांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचे मूळ बीटा-ग्लोबिन जनुकात असून ते मूषकात त्याच 7 व्या गुणसूत्रावर, वर्णहीनतेच्या जनुकाशी सहलग्न आहे. मानवात ही दोन्ही 11 व्याच गुणसूत्रावर, परंतु भिन्न भुजांवर आहेत. अल्फा-ग्लोबिन मात्र मूषकात 11 व्या व मानवात 16 व्या गुणसूत्रावर असते. मानवी स्थानांचा हा निर्णय 1977-78 मध्ये उंदराच्या व मानवाच्या पेशींच्या संकरातून झाला : अशा पेशी मानवी गुणसूत्रे क्रमशः गमावतात, म्हणून ग्लोबिन जनुक ज्या गुणसूत्रासह टिकते वा नाहीसे होते, तेच त्याचे ठिकाण.

स्थान जुळले म्हणून व्यवहारही जुळतोच असे समजणे भाबडेपणाचे होय. गर्भावस्थेतील मानवी हिमोग्लोबिनास उंदरात प्रतिरूप नाही. आणि विदर्भातील रुग्णांत तर नेमके तेच सापेक्षतः अधिक आढळते व व्याधीची तीव्रता बऱ्याच अंशी त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. यास्तव 1997 मध्ये मूषकाची स्वतःची ग्लोबिन जनुके निकामी करून मानवी जनुके धारण करणारे सिकलसेल-उंदीर सिद्ध करावे लागले. अशाच उंदरांत 2011 मध्ये ‘बीसीएल-11-ए’ हे त्या हिमोग्लोबिनाचे दमन करणारे जनुक (मानवात 2 ऱ्या, मूषकात 11 व्या गुणसूत्रावर) रक्तपेशींपुरते निष्क्रिय केले असता गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढून व्याधीची लक्षणे निवळली.