पंखा गार करतो की गरम?

उष्णतेचा पाठ शिकवताना वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द फळ्यावर लिहून झाले की पाठ संपला, असे आम्हाला वाटते. सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने मात्र हे समाधान आम्हाला लाभू दिले नाही. तिच्या घरी नुकताच एअर फ्रायर आला होता. त्यात पंखा असतो हे ऐकल्यावर तिने विचारले, "पंख्यानं तर वस्तू गार होते. मग शिजवायच्या यंत्रात पंखा कशाला?" आम्ही घाईने "अभिसरणासाठी" असे उत्तर दिले. ती खाली बसली; पण तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही नाही. आम्ही प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते, त्याला फक्त एक नाव दिले होते.

हे यंत्र उघडून पाहिले तर आत नवलाचे काही दिसत नाही. वरच्या बाजूला विजेने तापणारे वेटोळे, त्याच्यावर एक पंखा आणि खाली जाळीची टोपली. 'फ्रायर' म्हणजे तळणारे यंत्र म्हणावे तर तळणीचे तेल कुठेच नाही. तेव्हा हा तळण्याचा प्रकार नसून भाजण्याचा प्रकार आहे, छोट्या भट्टीत वारा खेळवून केलेला. या वाऱ्याचा उपयोग माणसाच्या लक्षात कधी आला, याचा माग काढत गेलो तर आपण थेट १७७४ सालच्या लंडनमध्ये जाऊन पोहोचतो.

तापलेल्या खोलीतील माणसे

जॉर्ज फोर्डाइस हे लंडनमधले डॉक्टर होते. माणसाचे शरीर किती उष्णता सहन करू शकते, हे पाहण्यासाठी त्यांनी काही खोल्या तापवण्याची व्यवस्था केली. या प्रयोगांत चार्ल्स ब्लॅग्डन, तसेच कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास करून आलेले जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर हेही सामील झाले. एप्रिल १७७४ मध्ये खोलीतील हवेचे तापमान १२७° सेल्सिअसपर्यंत, म्हणजे पाणी उकळते त्याच्याही बरेच वर नेण्यात आले. ही मंडळी त्या हवेत काही मिनिटे उभी राहिली आणि सुखरूप बाहेर आली. घड्याळाची साखळी मात्र हात लावू नये इतकी तापली होती.

ब्लॅग्डन यांनी या प्रयोगांची हकिकत १७७५ साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या खोलीत अंडी आणि गोमांसाचे तुकडेही पत्र्याच्या चौकटीवर ठेवले होते. सुमारे २० मिनिटांत अंडी टणक झाली. मांसाचा पहिला तुकडा ४७ मिनिटांनी पाहिला तर तो शिजून जवळजवळ सुकला होता. दुसरा ३३ मिनिटांतच जास्त भाजला गेला. तापलेली हवा हलती ठेवली की तिचा परिणाम वाढतो, हे एव्हाना त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून तिसऱ्या तुकड्यावर त्यांनी भात्याने वारा घातला. तुकड्याचा पृष्ठभाग डोळ्यांदेखत बदलू लागला आणि १३ मिनिटांत त्याचा बहुतेक भाग चांगला शिजला.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पहिला तुकडा सुकला, दुसरा जास्त झाला, तिसरा बहुतांशी शिजला. म्हणजे तिघांची शिजण्याची पायरी एक नव्हती. त्यामुळे ४७, ३३ आणि १३ या आकड्यांची सरळ तुलना करता येणार नाही. पण भात्याने काम लवकर झाले हे निरीक्षण पक्के होते.

याच खोलीतले आणखी एक निरीक्षण आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला अगदी लागू पडते. तापमापीवर तोंडाने श्वास सोडला की तिच्यातील पारा काही अंश खाली येई. बोटांवर सोडलेला श्वास गार लागे. म्हणजे एकाच खोलीत फुंकर गार करत होती आणि भाता गरम करत होता! कोडे वाटते खरे, पण ते सोपे आहे. फुंकरीची हवा शरीरातून आलेली, सुमारे ३७ अंशांची. भात्याची हवा खोलीतलीच, शंभराहून अधिक अंशांची. वारा स्वतः गारही करत नाही आणि गरमही करत नाही. वस्तू आणि हवा यांच्यातील उष्णतेची देवघेव तो जलद करतो, एवढेच. चहा हवेपेक्षा गरम असतो म्हणून पंख्याखाली निवतो. मांस हवेपेक्षा थंड होते म्हणून भात्याखाली तापले.

ही देवघेव एरवी इतकी मंद का असते? हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाण्याच्या मानाने तिची वाहकता सुमारे विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याइतकीच. थंड वस्तूला लागून असलेला हवेचा पातळ थर आपली उष्णता देऊन निवतो आणि पांघरुणासारखा तिथेच रेंगाळतो. ओल्या वस्तूभोवती तर वाफेचेही पांघरूण असते. वारा ही दोन्ही पांघरुणे ओढून काढतो आणि ताजी, तापलेली, कोरडी हवा पृष्ठभागापर्यंत आणून सोडतो. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. तो वाळला की ते झपाट्याने चढते, आणि मग खरपूस रंग, वास व कुरकुरीतपणा येतो. या रंग-वासामागची अमिनो आम्ले आणि शर्करा यांची अभिक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली मांडली.

बटाटे वाळवायच्या यंत्रात मांस

फोर्डाइस आणि ब्लॅग्डन यांना स्वयंपाकात रस नव्हता, शरीरात होता. त्यामुळे भात्याची गोष्ट निबंधातच राहिली. गरम हवेला स्वयंपाकघरात आणले ते बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड यांनी. १७५३ साली अमेरिकेत जन्मलेले, इंग्रजांच्या बाजूने गेलेले आणि पुढे बव्हेरियाच्या दरबारी चाकरी केलेले हे गृहस्थ. तोफांना भोक पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील त्यांचा १७९८ सालचा निबंध आपण वर्गात सांगतो. पण म्यूनिकमध्ये १७९० पासून भिकाऱ्यांना काम आणि अन्न देणारी व्यवस्थाही त्यांनीच उभारली. शेकडो माणसांसाठी रोज शिजवायचे तर सरपणाचा हिशेब आलाच. उघड्या चुलाण्यातील बहुतेक उष्णता धुराड्यातून वाया जाते, हे त्यांना खटकत होते.

एकदा बटाटे वाळवण्यासाठी केलेल्या यंत्रात मांस भाजता येईल का, हे त्यांनी करून पाहिले. तीन तास झाले तरी मांस शिजेना. त्यांनी नाद सोडला आणि ते तसेच स्वयंपाकिणींच्या हवाली केले. त्यांनी रात्रभर ते यंत्रातच राहू दिले. सकाळी पाहतात तो मांस उत्तम शिजलेले आणि अतिशय चवदार! मंद, गरम हवेतही अन्न शिजते, फक्त वेळ लागतो, हा धडा अपघाताने मिळाला.

पुढे त्यांनी पत्र्याच्या नळकांड्याची बंद भट्टी तयार केली. तिच्या खाली स्वतंत्र जाळ आणि जाळाच्या वर दोन नळ्या. मांस शिजत येईपर्यंत या नळ्या बंद ठेवायच्या. शेवटी त्या उघडल्या की तापलेल्या हवेचा झोत आत शिरे, वाफ बाहेर पडे आणि मांसाला वरून तांबूस रंग येई. आधी शिजवणे आणि मग वाऱ्याने खरपूस करणे, ही एअर फ्रायरचीच युक्ती १८०० च्या सुमारास अशी वापरात आली होती.

द्रवातील प्रवाहांकडेही रम्फर्ड यांचे लक्ष गेले ते एका मोठ्या तापमापीमुळे. निवण्यासाठी खिडकीत ठेवलेल्या या तापमापीतील अल्कोहोलमध्ये धुळीचे कण मधून वर आणि कडेने खाली जाताना त्यांना उन्हात दिसले. मात्र त्यावरून द्रवांत उष्णतेचे वहन मुळीच होत नाही, असा जो निष्कर्ष त्यांनी १७९७ साली काढला, तो चुकीचा होता. 'अभिसरण' या अर्थाचा 'कन्व्हेक्शन' हा शब्द विल्यम प्राउट यांनी १८३४ साली दिला. घटना आधी दिसली, नाव नंतर मिळाले. वर्गात आमचा क्रम नेमका उलटा झाला होता.

वावटळीतले ताट

रम्फर्ड यांचा झोत जाळाच्या ओढीवर अवलंबून होता. जाळाविना वारा हवा तर विजेचा पंखा हवा, आणि पंखा घातलेली भट्टी नाव कमावण्यासाठी दुसरे महायुद्ध यावे लागले. लांब पल्ल्याच्या विमानांत सैनिकांना गरम जेवण कसे द्यायचे, हा अमेरिकी नौदलापुढचा प्रश्न होता. न्यूयॉर्कच्या विल्यम मॅक्सन यांनी १९४५ च्या सुमारास त्यावर उपाय दिला. मांस, भाजी आणि बटाटा अशा तीन कप्प्यांचे गोठवलेले ताट आणि ते तापवणारी पंख्याची हलकी भट्टी. तिचे नाव 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ. सुमारे पंधरा मिनिटांत सहा ताटे तयार होत. मॅक्सन १९४७ साली वारले आणि ही भट्टी घरोघर पोहोचण्याचे राहून गेले.

ते काम २०१० साली झाले. तेलात दोनदा न तळता बटाट्याचे काप कुरकुरीत करण्याच्या खटपटीत असलेले डच संशोधक फ्रेड व्हान डेर वाइ यांच्या कल्पनेवरून फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर मांडला. जागा लहान, वारा जोरदार. तत्त्व मात्र भात्याचेच.

आपली थाळी आणि वारा

आता लोक या यंत्रात बटाट्याच्या कापांवर न थांबता पूर्ण जेवण करू पाहतात. आम्हीही एका रविवारी हा घाट घातला. बटाट्याच्या फोडी आधी घातल्या, दहा मिनिटांनी वांगी आणि शेवटी बांगडे. तिन्ही उत्तम झाले. वेगवेगळे पदार्थ एकाच वेळी तयार व्हायचे तर ज्याला वेळ जास्त त्याला आधी जागा, हा साधा नियम. दुसऱ्या खेपेला टोपली गच्च भरली, तर फोडी वाफेने नुसत्या उकडल्या गेल्या. वाऱ्याला वाटच उरली नव्हती. पापड टाकला तो उडून वरच्या वेटोळ्याकडे गेला. वारा किती जोरदार आहे याचा त्याहून चांगला पुरावा नको! भज्यांचे पातळ पीठ जाळीतून गळाले. कढईतले तेल ते पीठ क्षणात धरून ठेवते. हवेला ते जमत नाही.

खरी फजिती झाली ती तुरीच्या डाळीची. पाणी घालून उघड्या वाटीत ठेवलेली डाळ पाऊण तासाने वरून सुकलेली आणि आतून टणक निघाली. याचेही उत्तर ब्लॅग्डन यांच्या खोलीत सापडते. तिथे ठेवलेले उघडे पाणी दीड तासाने जेमतेम ६० अंशांपर्यंत तापले होते, कारण मिळालेली उष्णता बाष्पीभवनात खर्च होत होती. पाण्यावर तेलाचा थर दिल्यावर मात्र ते उकळले. डाळ-तांदळाला पाणी हवे, आणि उघडे पाणी वाऱ्याला दाद देत नाही.

वाफेचे बळ वेगळेच आहे. १ ग्रॅम हवा १८० अंशांवरून १०० अंशांवर येताना सुमारे ८० ज्यूल उष्णता देते. १ ग्रॅम वाफेचे १०० अंशांनाच पाणी होताना सुमारे २,२६० ज्यूल मिळतात. म्हणूनच इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली बंगालमध्ये केलेल्या 'इकमिक कुकर'मध्ये भात, डाळ आणि भाजी एकावर एक डब्यांत वाफेवर शिजत. आपल्या प्रेशर कुकरमधले वरण-भाताचे डबे हे त्याच वाटेवरचे. भाकरीला तर तव्याचा स्पर्श, म्हणजे वहन हवे. मांस-बटाट्याचे ताट वावटळीत सहज मावते. आपल्या थाळीला तव्याचे वहन, वाफ आणि वारा असे तिन्ही लागतात.

जाहिरातींमुळे मुलांच्या मनात आणखी एक समजूत रुजते, की तेल नाही म्हणजे काळजी नाही. तेल कमी लागते हे खरे. पण पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर खरपूस केले की त्यात ॲक्रिलामाइड हे हानिकारक समजले जाणारे द्रव्य तयार होते, असे स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवले. ते तेलाशिवायही तयार होते. तेव्हा बटाटा सोनेरी झाला की थांबावे, काळपट होऊ देऊ नये.

करून पाहा

त्या मुलीला उत्तर द्यायला आम्हाला भट्टी लागली नाही, बर्फ पुरला. सारख्या आकाराचे बर्फाचे दोन तुकडे दोन चहाच्या गाळण्यांत ठेवा. एक टेबल फॅनसमोर, दुसरा त्याच खोलीत वारा लागणार नाही अशा ठिकाणी. पंखा लावण्यापूर्वी कोणता तुकडा आधी वितळेल, हे प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या. आमच्या वर्गात बहुतेकांनी "पंख्याखालचा टिकेल" असे लिहिले होते. बर्फाला खोलीतली तीस अंशांची हवा म्हणजे भट्टीच, हे मुलांना गाळण्याखालचे पाणी मोजताना उमजले. अभिसरण हा शब्द आम्ही त्यानंतर फळ्यावर लिहिला.