रेडिएटरमधल्या गाळाची गोष्ट

मोटारीच्या रेडिएटरच्या तळाशी एक लहानशी तोटी किंवा बूच असते. कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या गाडीची ही तोटी उघडली, तर कधीकधी पहिल्यांदा काहीच बाहेर येत नाही. तारेने जरा डिवचले की मग तांबूस, चिकट, चिखलासारखा द्राव गळू लागतो. विज्ञानाच्या शिक्षकाने हा द्राव एकदा तरी पाहावा, असे आम्हांला वाटते. मोटार जन्मल्यापासून या गाळाची जात अनेकदा बदलली आहे. आजोबांच्या गाडीतला गाळ वेगळा, नातवाच्या गाडीतला वेगळा; आणि म्हणून तो धुऊन काढण्याची रीतही एकच राहिलेली नाही.

मुळात इंजिनाला पाणी लागते कशाला? जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामी येते. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर नेली नाही तर तेल जळते आणि दट्ट्या नळकांड्यात अडकतो. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारा स्वस्त द्रव दुसरा नाही.

कार्ल बेंझ यांनी जानेवारी १८८६ मध्ये ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यात आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचे पाणी सरळ उकळू द्यायचे, वाफ हवेत सोडायची आणि कमी झालेले पाणी वरून ओतायचे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही युक्ती वाईट नाही. एक किलो पाणी २० अंश सेल्सियसपासून १०० अंशांपर्यंत तापताना सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता घेते. त्याचीच वाफ होताना आणखी सुमारे २२६० किलोज्यूल घेते. अडचण एवढीच, की पाण्याची तहान संपत नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझ यांच्या पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर, मोटारीने गेल्या. हा मोटारीचा पहिला लांबचा प्रवास समजतात. त्या प्रवासात इंधन त्यांनी वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतले, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. पाण्यासाठी त्यांना वाटेत किती वेळा थांबावे लागले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

वाफ गेली तरी पाण्यातले क्षार मागेच राहतात. ज्यांच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता त्यांना हे सांगायला नको. बंबाच्या आतल्या बाजूला जसे पांढरे पूट चढायचे, तसेच इंजिनाच्या पोटात चढे. मोटारीतला पहिला गाळ तो हा.

पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला. त्यात सहा मिलिमीटर बाजूच्या चौकोनी छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांच्या मधल्या अरुंद फटींतून पाणी वाही. धातूचा पृष्ठभाग इतका वाढला की पूर्वीपेक्षा कितीतरी कमी पाण्यात काम भागू लागले. मात्र फटी जितक्या अरुंद, तितक्या त्या लवकर तुंबणार. बेंझच्या गाडीत गाळ साचला तर तो तळाशी पडून राही. मायबाखच्या रेडिएटरात तो वाट अडवू लागला. गाळाचा उपद्रव खऱ्या अर्थाने सुरू झाला तो चांगला रेडिएटर आल्यावर!

घरच्या घरी रेडिएटर धुण्याचा रिवाज पडला तो फोर्डच्या ‘टी’ मॉडेलबरोबर. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या बनल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा गॅरेजपासून कोसभर दूर राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती गेल्या. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर या मॉडेलमध्ये पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरे. अभिसरणाचा वर्गात शिकवतो तोच प्रयोग इथे गाडी चालवत होता! पण या अभिसरणाचा जोर अगदी बेताचा असतो, त्यामुळे थोडा गाळही पुरे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतच सांगितले होते, की रबरी नळ्या सोडवाव्यात, रेडिएटरच्या तोंडातून पाणी सोडून तो धुवावा आणि इंजिनाची पोकळीही तशीच वेगळी धुवावी. दोन्ही वेगळे धुण्यामागचे कारण उघड आहे. एकाचा गाळ दुसऱ्यात ढकलून काय मिळणार? पूट घट्ट असेल तर धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालवीत. ओतीव लोखंड आणि पितळ यांना सोड्यापासून भीती नव्हती.

थंड देशांत दुसरे संकट होते. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचे ओतकाम तडकते. म्हणून लोक पाण्यात मिथेनॉल मिसळत. ते ६५ अंशांनाच उकळून उडून जाई. कोणी कॅल्शियम क्लोराइड घालून पाहिले. त्या खारट पाण्याने धातूच खाल्ला. ग्लिसरीन दाट आणि महाग. मार्ग सापडला तो भलत्याच ठिकाणी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आदोल्फ वुर्त्झ यांनी १८५६ मध्ये इथिलिन ग्लायकॉल प्रथम तयार केले होते. साठ वर्षे त्याला कोणी विचारले नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत ग्लिसरीनचा तुटवडा पडला, तेव्हा स्फोटके बनवण्यासाठी त्याची आठवण झाली. १९२५ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात त्याचा मोठा कारखाना निघाला आणि १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने ते मोटारवाल्यांसाठी बाजारात आले. ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १९७ अंश. पाण्यात निम्मे मिसळले तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. शंभर टक्के ग्लायकॉल भरणे मात्र शहाणपणाचे नाही, कारण त्याची विशिष्ट उष्मा पाण्याच्या जेमतेम साठ टक्के आहे. स्पिटफायर विमानांच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांत निव्वळ ग्लायकॉल वापरत. पुढे तेथेही सत्तर भाग पाणी आणि तीस भाग ग्लायकॉल असे प्रमाण आले.

हे उडून जात नाही, म्हणून त्याला ‘कायमचे’ गोठणरोधक म्हणू लागले. या शब्दाने पुष्कळ इंजिनांचा घात केला असावा. ग्लायकॉल उडत नाही हे खरे, पण ते बिघडते. ऊन धातू आणि विरघळलेला ऑक्सिजन यांच्या संगतीत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ग्लायकॉलिक, फॉर्मिक अशी आम्ले बनतात. आम्ल लोखंडाला आणि डाकाच्या शिशाला खाते, त्यातून गंज आणि क्षार निर्माण होतात आणि हे सारे मिळून तो तांबूस चिखल होतो. म्हणून उत्पादक त्यात टाकणखार, फॉस्फेट, नायट्राइट अशी प्रतिबंधके घालू लागले. ती आम्ल मारतात किंवा धातूवर पातळ कवच धरतात आणि हे करता करता स्वतः संपतात. शीतक, म्हणजे ज्याला आपण कूलंट म्हणतो ते, ठरावीक मुदतीने बदलायचे ते यासाठी. ग्लायकॉल संपलेले नसते, राखणदार संपलेला असतो.

इंजिनात ॲल्युमिनियम शिरल्यावर सोड्याचा उपाय बाद झाला. हे वर्गात सहज दाखवता येते. पेलाभर गरम पाण्यात चार-पाच चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. त्यात एक स्वच्छ लोखंडी खिळा आणि पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा टाका. खिळा शांत राहतो, कागदावर मात्र बुडबुडे येऊ लागतात. तो हायड्रोजन असल्याने जवळपास ज्योत नको. दुसऱ्या पेल्यात साध्या पाण्यात तसाच खिळा ठेवला तर एकदोन दिवसांत तो गंजतो आणि सोड्यातला चकचकीत राहतो. एका धातूचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, ते मुलांच्या डोळ्यांसमोर येते.

ॲल्युमिनियमसाठी मग सिलिकेटे आली. त्यांचे प्रमाण जास्त झाले की ती द्रावातून बाहेर पडून हिरवट जेलीसारखी साचत. अमेरिकेत मालमोटारींचे चालक या लगद्याला वैतागले होते. युरोपातल्या उत्पादकांनी फॉस्फेट टाळले, कारण तिथल्या दुष्फेन पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा साका बनतो. जपान्यांनी पंपाच्या सीलवर परिणाम होतो म्हणून सिलिकेट टाळले. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांचे क्षार वापरणारी, पाच वर्षे टिकणारी शीतके आली. जनरल मोटर्सने १९९५ पासून असे नारिंगी शीतक भरायला सुरुवात केली. काही गाड्यांत त्याचाही तपकिरी चिखल झाला, ग्राहकांनी दावे लावले आणि ते तडजोडीने मिटले. या सगळ्यातून घरी काम करणाऱ्याने एक लक्षात घ्यायचे: हिरवा, नारिंगी, गुलाबी हे नुसते रंग आहेत. रंग पाहून जात ठरत नाही आणि वेगळ्या जातींची सरमिसळ केली तर प्रतिबंधके निकामी होऊ शकतात, प्रसंगी साकाही बनतो.

आपल्याकडे ही सारी कथा उशिरा पोचली. महाराष्ट्रात इंजिन गोठण्याचे भय नाही, तेव्हा ‘गोठणरोधक’ हवे कशाला, असा साधा हिशेब होता. अँबॅसिडर आणि फियाटच्या दिवसांत लोक नळाचे किंवा विहिरीचे पाणी भरत आणि खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून गाडी निवण्याची वाट पाहत. दख्खनच्या कित्येक विहिरींचे पाणी दुष्फेन, म्हणजे बेर्थाबाईंच्या काळचाच गाळ इथे होत राहिला. शेवटी रेडिएटरवाला टाक्यांचा डाक सोडवून नळ्यांतून सळ्या घालून तो खरवडून काढी. आजच्या ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला हा उपचार सोसत नाही.

घरी धुणार असाल तर पद्धत आजही फोर्डच्या पुस्तिकेपासून फार दूर गेलेली नाही. इंजिन पूर्ण थंड हवे. झाकणाखाली दाब असतो; गरम इंजिनाचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणे. जुना द्राव काढायचा, पाणी भरून हीटर चालू ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचे, पुन्हा थंड होऊ द्यायचे, पुन्हा काढायचे. पाणी नितळ येईपर्यंत हे चालू ठेवायचे आणि शेवटचे पाणी ऊर्ध्वपातित वापरायचे.

बाहेर आलेले पाणी मात्र मोरीत, गटारात किंवा अंगणात ओतायचे नाही. ग्लायकॉल गोड असते. कुत्री ते चाटतात, मुले पितात. ग्लायकॉलची साथीदार असलेली डायइथिलिन ग्लायकॉल ही रसायने मुंबईकरांना वेगळ्या संदर्भात आठवत असतील: १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ती भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले होते. रेडिएटरमध्ये ऑक्सिजन जे काम वर्षानुवर्षे सावकाश करतो, तेच काम आपले यकृत काही तासांत उरकते. ग्लायकॉलचे ग्लायकॉलिक आम्ल होते, त्याचे पुढे ऑक्झॅलिक आम्ल, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठायचे, कारण ही रूपांतरे थांबवणारे औषध वेळेवरच लागू पडते. १९५८ मध्ये एडिंबरा येथे स्थानिक भुलीच्या औषधांवरील संशोधनातून डेनाटोनियम हे अत्यंत कडू द्रव्य सापडले. अमेरिकेतील उत्पादकांनी ते देशभर विकल्या जाणाऱ्या ग्लायकॉलच्या शीतकात घालण्याचे २०१२ मध्ये मान्य केले. त्याने द्राव कडू होतो. विषारीपणा होता तेवढाच राहतो. तेव्हा काढलेला द्राव घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ असे ठळक लिहून, घातक कचरा घेणाऱ्यांकडे पोचता करायचा. तो कॅन पिण्याच्या पाण्याचा किंवा सरबताचा जुना नसावा.