दस्तुरखुद्द

‘दस्तुरखुद्द साहेबच आले!’ असं आपण सहज म्हणून जातो. शब्द मात्र जुन्या कागदांच्या तळाचा. दस्तुर म्हणजे हस्ताक्षर. दस्तुरखुद्द म्हणजे ज्याचा कागद त्याच्याच हातचं. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापाशी ‘निशाणी नांगर’ असं लिहून बोरूच्या दोन-तीन फटकाऱ्यांत इवलासा नांगर काढलेला असे. बलुतेदारांच्या नावांपाशी त्यांची त्यांची अवजारं.

यात लाज नव्हती. पाटलाचा नांगर हा मान होता. वतन वाटलं गेलं की कागदावर कुणाचा नांगर आधी, यावरून भाऊबंदांत वाद होत. लिहिणं कुलकर्ण्याकडे, आणि तेही वतनच. त्याच्या पोरानं मोडी गिरवली नाही तर घरचा हक्क धोक्यात. पाटलाच्या पोराचं अक्षरावाचून काही अडत नसे. अक्षरं एकाच वाड्यात का राहिली, याचं उत्तर मला जातीइतकंच या वतनातही दिसतं.

नांगर महागात पडू लागला तो नंतर. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली ती पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरातून. सर्व्हे नंबर पडले, ३० वर्षांचा सारा ठरला, जमीन एकेका खातेदाराच्या नावावर चढली. नावावर चढलेली जमीन गहाण पडू शकते, हे सावकारानं आधी ओळखलं. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. मुदत सरत आली की व्याज मुद्दलात घालून नवं खत, आणि तळाला पुन्हा नांगर. वर आकडा काय पडला, ते नांगरवाल्याला वाचता येत नव्हतं.

१२ मे १८७५ रोजी सुप्यात (आज ते बारामती तालुक्यात आहे) सावकारांविरुद्ध भडका उडाला. लोकांचा डोळा वह्या-खतांवर होता. सावकारानं खतं मुकाट दिली तिथं सहसा मारहाण झाली नाही.

मग १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्याचं खत गाव-रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं. वाचायला शिकवण्याऐवजी वाचून दाखवणारा नेमला! शेतकऱ्याच्या साऱ्यावर वरच्यांची पोरं शिकतात, हे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलं ते याच काळात.

पुढे नांगर गेला, डावा अंगठा आला. नांगराला मान होता. अंगठ्याच्या वाट्याला ‘अंगठेबहाद्दर’ आलं. तसा तो नांगर तरी कुठे पुरता धन्याचा होता? अनेकदा धनी बोरूला नुसता हात लावी. नांगर काढी तो लिहिणाराच.