ठेंगणी गाडी, उंच गाडी

मिरजेच्या स्टेशनावर ज्यांनी पूर्वी गाड्या पाहिल्या असतील, त्यांना तिथली एक गंमत आठवत असेल. १९७१ साली पुण्याकडून ब्रॉडगेज आली, आणि त्यानंतर बरीच वर्षे या एका गावात तीन मापांचे रूळ होते. पाच फूट सहा इंचांचा रुंद रूळ, मीटरचा मधला रूळ, आणि कुर्डुवाडी-पंढरपूरकडून येणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचा अवघा अडीच फुटांचा रूळ. ही चिमुकली गाडी १८९७ साली बार्शीस सुरू झाली आणि १९२७ साली मिरजेस पोचली. रूळ अडीच फूट, पण वरचा डबा रुळाच्या दोन्ही बाजूंना केवढा तरी बाहेर आलेला! पंढरीच्या वारकऱ्यांनी तो खच्चून भरे. लहानपणी तो पाहून मला धास्ती वाटायची, की वळणावर हा कलंडत कसा नाही?

हाच प्रश्न परवा माझ्या एका विद्यार्थ्याने वेगळ्या तऱ्हेने विचारला. त्याने नवी मोटार घेतलेली. म्हणाला, "सर, स्प्रिंगा कापून गाडी दोन बोटे खाली घेतली, तर वळणावर ती रस्त्याला चिकटून पळते म्हणतात. खरं का हो?" मी त्याला म्हटले, "बाबा रे, खरं आहे, पण अर्धंच." उरलेले अर्धे आज आपल्याला सांगायचे आहे.

आधी नियम पाहू. प्रत्येक वस्तूच्या वजनाचा एक मध्य असतो; शास्त्रात त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. डोक्यावर घागरींची उतरंड घेतलेली बाई वळताना किती बेताने वळते, ते आपण पाहिलेच आहे. तीच घागर कमरेवर असली की ती झपझप चालते. वजन तेच; मध्य खाली आला, एवढाच फरक. गाडीचेही तसेच. वजनाचा मध्य किती उंच आणि चाकांमधले अंतर किती रुंद, या दोहोंच्या प्रमाणावर तिचे स्थैर्य असते. बार्शीच्या गाडीचा रूळ अरुंद होता, म्हणून तिला सांभाळून, बेताच्या वेगानेच पळावे लागे. तिचे इंजिनियर कॅलथ्रॉप यांनी डबे आणि वाघिणी बोगीवर बसवल्या आणि कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू नये, असा हिशेब बांधला.

आता आपल्या बैलगाडीकडे या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देशावर भरीव चाकांचे जड गाडे होते. त्यांना बैलांच्या कित्येक जोड्या लागत. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली सोलापूरकडे टेंभुर्णीला एका जोडीने ओढता येईल अशा हलक्या गाड्यांचा कारखाना निघाला. पुढे गावोगावच्या सुतार-लोहारांनी आऱ्यांची, लोखंडी धावेची उंच चाके घडवली. चाक उंच का? कारण रस्ता असा नव्हताच. काळ्या रानातली चाकोरी, पावसाळ्यात आसापर्यंत चिखल. लहान चाक खड्ड्यात रुतते, मोठे चाक खड्डा ओलांडून जाते. त्याची किंमत मात्र द्यावी लागे. आस उंच, साटी त्याहून उंच, आणि माल त्याच्याही वर. ओढ्याच्या उतारावर एक चाक दगडावर चढले की गाडी आडवी! पुढे रबरी टायरची गाडी आली. चाक लहान, साटी खाली, माल चढवायला सोपा, बैलांना ओढायला हलकी. पण ती खरी खुलली डांबरी नाहीतर मुरमाच्या रस्त्यावर. भिजल्या काळ्या रानात ती जुन्या गाडीच्या मागेच राहिली. म्हणजे पाहा, आधी रस्ता सुधारला, मग गाडी खाली आली.

मोटारीचा इतिहासही हेच सांगतो. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या: आखूड, उंच, आणि त्यात जड इंजिन. मार्च १९०० मध्ये फ्रान्समध्ये नीस शहराजवळ ला तुर्बीच्या घाटात शर्यत होती. तीत डाइमलर कंपनीची मोटार चालवणारा विल्हेल्म बाउअर वळणावर आदळून प्राणास मुकला. कंपनीचा मोठा गिऱ्हाईक एमिल येलिनेक नीसलाच राहत असे. त्याने मागणी केली की नवी गाडी लांब, रुंद आणि ठेंगणी हवी. विल्हेल्म मायबाख या कारागिराने ती बनवली. दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीत इंजिन खाली बसवले, चाकांमधले अंतर वाढवले. येलिनेकच्या मुलीचे नाव तिला दिले, मर्सिडीज. १९०१ च्या मार्चमध्ये त्याच नीसच्या शर्यतींत या ३५ अश्वशक्तीच्या गाडीने बाजी मारली, आणि पुढच्या मोटारींचा साचाच बदलला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मायबाखने नुसत्या स्प्रिंगा कापल्या नाहीत. त्याने सबंध गाडी नव्याने मांडली. माझ्या विद्यार्थ्याचा बेत आणि मायबाखचे काम यांत हाच फरक आहे.

थोडा हिशेब करू. १००० किलोची मोटार, वजनाचा मध्य ५५ सेंटिमीटर उंच, चाकांमधले अंतर १४५ सेंटिमीटर. बऱ्यापैकी जोरात वळण घेतले, म्हणजे बाहेर ढकलणारा जोर वजनाच्या निम्मा धरला, तर आतल्या चाकांवरचा सुमारे १९० किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी चार सेंटिमीटर खाली घेतली, तर तो सुमारे १७६ होतो. फायदा चौदा किलोंचा! खोटा नव्हे, पण फार मोठाही नव्हे. आपल्याला जो 'चिकटून पळाल्याचा' भास होतो, तो बराचसा ताठर स्प्रिंगांमुळे अंग कमी कलते, त्याचा असतो.

आणि बदल्यात काय जाते? चाकाला वर जायला समजा आठ सेंटिमीटर जागा होती, ती चारच उरते. खड्डा आला की स्प्रिंग संपते आणि गाडी रबरी ठोकळ्यावर आदळते. हेच वळणावर घडले, तर चाकाची पकड एकाएकी सुटते. दुसरे असे, की वळणावर गाडीचे धड एका बिंदूभोवती कलते. पुष्कळ मोटारींत गाडी खाली घेतली की हा बिंदू वजनाच्या मध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो. दोहोंमधले अंतर वाढते, म्हणजे पहारेचा दांडा लांब झाल्यासारखे होते, आणि गाडी उलट अधिक कलू पाहते. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडतो; मग खड्ड्यात चाक वर गेले की आपण न वळवताही ते किंचित वळते. टायर आतल्या कडेने झिजतात. पोट गतिरोधकाला घासते ते वेगळेच. कापलेली स्प्रिंग तर चाक खाली लोंबले असता आपल्या जागेवरून निसटूही शकते.

मग गाडी खाली घेऊच नये का? शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर जरूर घ्यावी. पण तिथे स्प्रिंगा, शॉक-ॲबसॉर्बर, चाकांचे कोन, सारे एकमेकांना जुळवून घेतात. आमच्या ऊसपट्ट्यातल्या खचलेल्या साइडपट्टीच्या रस्त्यांवर हा व्यवहार तोट्याचाच.

आपल्यापैकी बहुतेकांकडे खाली घेण्याजोगी मोटार नसेल. पण नियम आपल्या दारात उभा आहे. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याने जातात. चाकांमधले अंतर १८० सेंटिमीटर धरा. वजनाचा मध्य १२० वरून १५० सेंटिमीटरवर गेला, तर स्थैर्य एक पंचमांशाने घटते. एक खेप वाचावी म्हणून मोळ्यांचे थरावर थर चढतात. त्या वरच्या थरांनी केलेले नुकसान कुठल्याच स्प्रिंगेने भरून निघत नाही. ट्रॉली उलटते तेव्हा शेजारून सायकलवर जाणारे पोर आपल्याच गावचे असते.

शिक्षकबंधूंनो, वर्गात दोन काड्यापेट्या घ्या. एक आडवी ठेवा, एक उभी. आणि पाटी हळूहळू तिरपी करा. कोणती आधी पडते ते मुलांनाच सांगू द्या. आणि मग त्यांना एवढेच सांगा, की घरी गेल्यावर गाडी भरताना वडिलांना विचारा, "बाबा, अजून एक थर कशाला?"