मुलांचे वावडे : अंदाजाकडून परीक्षेकडे

'आमच्या धाकट्याला मासळीचं वावडं आहे,' असं एखादी आई सहज सांगून जाते. 'वावडं' हा आपला जुना, नेमका शब्द. अमुक जिन्नस पोटात गेला की अंगावर पित्ताच्या गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, कधी दम लागतो. आयुर्वेदानेही प्रकृतीला मानवणारे ते सात्म्य आणि न मानवणारे ते असात्म्य, असा भेद केलेला आहे. पण पानातला नेमका कोणता जिन्नस बाधला, हे ठरवायचं कसं? हा प्रश्न गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू सुटत आला. त्याची हकीकत आज ऐकू या.

अडचण कुठे आहे ते पाहायला आपण मुंबईला, गिरगावातल्या खोताच्या वाडीत जाऊ. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखली जाणारी ही वाडी. लाकडी जिन्यांची, ओट्यांची जुनी घरं. ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि पाठारे प्रभू कुटुंबांची वस्ती. दोघांनाही मासळी प्रिय. आता समजा, इथल्या एखाद्या मुलाने दुपारी कोलंबीचं कालवण, भात आणि तळलेला बोंबील खाल्ला, आणि घटकाभरात त्याचं अंग गांध्यांनी भरलं. दोष कोणाचा? कोलंबीचा, बोंबलाचा की मसाल्याचा? ईस्ट इंडियन घरांतल्या बाटली मसाल्यात वीस-वीस जिन्नस असतात. काही घरी त्यात गहू आणि हरभऱ्याची डाळही भाजून घालतात. घरात मात्र निकाल झटपट लागतो: मासळी बंद!

असे निकाल सगळ्या जगात लागत होते. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या या वेगळ्या वागण्याला 'ॲलर्जी' हे नाव दिलं. पुढे १९१२ साली न्यूयॉर्कचे डॉ. ऑस्कर श्लॉस यांनी एका मुलाची तपासणी प्रसिद्ध केली. त्या मुलाला अंडं, बदाम आणि ओट हे धान्य बाधत असे. डॉक्टरांनी त्याच्या कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यांवर एकेका पदार्थाचा अंश लावला. जो पदार्थ बाधणारा, तिथेच गांधी उठली. अंदाजाच्या जागी परीक्षा आली ती अशी.

पण गांधी उठते कशाने? १९२१ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात दोन डॉक्टरांनी मोठं धाडस केलं. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेली मासळी बाधे; कार्ल प्राउस्निट्झ यांना ती खुशाल चाले. क्युस्टनर यांच्या रक्तातला पाण्यासारखा भाग प्राउस्निट्झ यांच्या कातडीत टोचला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली! म्हणजे वावड्याचं मूळ रक्तात होतं. ते द्रव्य सापडायला मात्र १९६६ साल उजाडलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ते अमेरिकेत शोधून काढलं. 'आय-जी-ई' म्हणतात ते हेच.

मग रक्त तपासलं की काम झालं का? नाही. १९७६ साली अमेरिकेतले डॉ. चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांना संशयित पदार्थ लपवून खायला दिला. मुलालाही ठाऊक नाही आणि पाहणाऱ्यालाही नाही. तेव्हा दिसून आलं, की कातडीवर गांधी उठलेल्या पुष्कळ मुलांना तो पदार्थ खाऊन काहीच होत नाही. परीक्षा संशय दाखवते. निकाल मुलाची हकीकत देते, आणि शंका उरली तर डॉक्टरांच्या नजरेखाली थोडं थोडं खाऊ घालून पाहावं लागतं.

आता खोताच्या वाडीतल्या त्या पानाकडे परत वळू. १९८९ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी कोलंबीतली अशी प्रथिनं वेगळी काढली, जी शिजवूनही नासत नाहीत. त्यातलं मुख्य ते ट्रोपोमायोसिन, हे १९९३ साली निश्चित झालं. खेकडा आणि शेवंड यांतही तसंच प्रथिन असतं. पण बोंबील, पापलेट, बांगडा यांतलं बाधणारं मुख्य प्रथिन निराळं. म्हणून कोलंबी बाधणाऱ्या मुलाला बोंबील चालण्याचा पुष्कळ संभव असतो. सरसकट 'मासळी बंद' केली, तर मुलाच्या तोंडचा सकस घास विनाकारण जातो.

उलट, ज्यावर संशय येत नाही तेच कधी अपराधी निघतं. मुंबईच्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिलं, की आपल्या उपखंडात हरभरा हा ॲलर्जीचा एक प्रमुख पदार्थ आहे. पिठलं, भजी, पुरण, लाडू. हरभरा कुठे नाही?

भीतीपोटी अन्न टाळणंही निर्धोक नाही. अंड्याचं वावडं किंवा तीव्र इसब असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर लंडनमध्ये झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. भुईमुगापासून दूर ठेवलेल्या मुलांत पाचव्या वर्षी शंभरांत सुमारे १७ जणांना भुईमुगाचं वावडं जडलं. लहानपणापासून देखरेखीखाली खाणाऱ्यांत सुमारे ३ जणांना.

तेव्हा आईबापांनी आणि शिक्षकांनी चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: मुलाने काय काय खाल्लं, मसाल्यासकट, किती खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, आणि दर खेपेस तसंच होतं का. दूध प्यायल्यावर नुसतं पोट फुगत असेल, तर ती बहुधा ॲलर्जी नसते, दुधातली साखर पचत नसते. नुसत्या गांध्या उठल्या तर आमसुलाचं पाणी लावणारी घरं पुष्कळ आहेत. पण गांध्यांबरोबर दम लागला, आवाज बसला, उलट्या होऊ लागल्या किंवा मूल मलूल पडलं, तर आमसूल शोधत बसू नये. तडक दवाखाना गाठावा. तिथे मांडीत द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. आणि ज्या मुलाला एकदा असं झालं, त्याला तो पदार्थ घरी 'खाऊन बघ' म्हणून कधीही देऊ नये.